पाचाडचा वाडा

रायगड पाहायला निघालेली मंडळी कोकण रेल्वेने माणगावला उतरतात, निजामपूरच्या रस्त्याने पाचाडला येतात आणि रोपवेच्या घाईत जिजाबाईंचा वाडा तसाच मागे टाकतात. एवढी कसली घाई? तासभर थांबावे असेच हे घर आहे.

गडावरची थंड हवा मासाहेबांना सोसेना, म्हणून महाराजांनी पायथ्याशी हा वाडा बांधला. आज त्याला छप्पर नाही, दालने नाहीत. उरले आहेत तटाचे दगड, जोती आणि विहिरी. एका विहिरीच्या काठी टेकून बसायला दगडी तक्क्या आहे. म्हणून ती तक्क्याची विहीर. मासाहेब येथे बसून पाण्याला आलेल्या बायकांची विचारपूस करीत, असे सांगतात.

६ जून १६७४ रोजी राज्याभिषेक झाला आणि १७ जूनला, अवघ्या अकरा दिवसांनी, मासाहेब गेल्या. त्यांची समाधीही पाचाडलाच आहे.

मुले विचारतील, “इथे पाहायचे काय?” त्यांना जोत्यावर बसवा, वर गडाकडे बोट करा आणि सांगा, “सिंहासन तिथे होते. ज्या माउलीने ते मनात आधी पाहिले, तिचे घर हे!” मग खुशाल गड चढा.