रोजची उपासना

मराठी ख्रिस्ती घरातली कौटुंबिक उपासना फार वेळ घेत नाही. पवित्र शास्त्रातला एक उतारा, एक गीत आणि प्रार्थना. या प्रार्थनेत परीक्षेला निघालेले पोर, कापसाचा पडलेला भाव, शेजारच्या आजीचा दमा, सारे नावानिशी येते. यवतमाळ जिल्ह्यातल्या मुकुटबनसारख्या गावात, जिथे पाऊस लांबला की घरोघरी काळजी शिरते, तिथे या नेमाचा आधार मोठा.

हा आधार एका झटक्यात मिळत नाही. कवी नारायण वामन टिळकांना १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका युरोपीय सहप्रवाशाने नवा करार दिला. ते तो वाचत राहिले. त्यातल्या येशूच्या डोंगरावरील प्रवचनाने त्यांना धरून ठेवले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा मात्र १९०० साली. मधली वर्षे ताटातुटीची आणि मनस्तापाची होती, हे लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला सांगायला नको.

पुढे टिळकांनी अभंग-ओव्यांच्या चालीत ख्रिस्तभक्ती आणली. परक्या चालींपेक्षा या चाली ओठांवर सहज बसल्या. ‘उपासना संगीत’ हा मराठी ख्रिस्ती गीतसंग्रह उघडला की त्यांचे नाव पुन्हा पुन्हा भेटते. पाळक घडवण्यासाठी यवतमाळात १९५३ साली युनियन बिब्लिकल सेमिनरी उभी राहिली, १९८३ मध्ये ती पुण्याला गेली. पण घरातली उपासना पाळकावर अडून राहत नाही. वाचता येणारे लेकरू उतारा वाचते, अडखळले की आजी पुढचा शब्द पाठ सांगते.