पुण्यातला प्रिन्स

'प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम'चा नवा अवतार आता येणार नाही. जानेवारी 2026 मध्ये युबिसॉफ्टने एकदम सहा गेम रद्द केले, त्यांत हा एक. आमच्या ग्रुपवर दोन दिवस नुसती हळहळ चालली होती. गंमत म्हणजे, सप्टेंबर 2020 मध्ये याच गेमचा ट्रेलर आला तेव्हा त्याला सगळ्यांत जास्त शिव्या घालणारेही हेच लोक.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. पहिला 'प्रिन्स ऑफ पर्शिया' 1989 चा. जॉर्डन मेकनरने आपल्या धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावलं, त्याचं चित्रीकरण केलं आणि एकेक फ्रेम कॉम्प्युटरवर उतरवली. म्हणून तो इवलासा राजपुत्र खऱ्या माणसासारखा तोल सावरतो, कड्याला लोंबकळतो. पुढे 2003 मध्ये मॉन्ट्रियलच्या स्टुडिओने 'सँड्स ऑफ टाइम' केला. आदिलाबादेत तो आमच्या हाती लागायला आणखी आठ-दहा वर्षं गेली. नेट कॅफेतल्या जुनाट कॉम्प्युटरवर नवे गेम चालायचेच नाहीत, त्यामुळे आमचं बालपण आमच्या दादा लोकांच्या गेमांवर निघालं. तासाचे पैसे तिघांत वाटून द्यायचो. एक जण खेळणार, बाकीचे दोघं मराठी, तेलुगू आणि उर्दू अशा तिन्ही भाषांत ओरडणार.

त्या वयात कळलं नाही, पण या गेमची सुरुवात भारतात होते. पर्शियाचं सैन्य एका महाराजाचा महाल लुटतं, राजपुत्राला तिथे एक खंजीर सापडतो. त्या खंजिराने काळ मागे फिरवता येतो. दरीत पडलात? बटण दाबा, परत कड्यावर. महाराजाची मुलगी फराह त्याच्यासोबत लढते. पण शेवटी राजपुत्र सगळाच काळ मागे नेतो आणि तिच्यासमोर उभा राहतो, तेव्हा ती त्याला ओळखतच नाही. जे घडलं ते फक्त याच्या आठवणीत उरलेलं. साहित्याची विद्यार्थिनी म्हणून सांगते, आठवणींबद्दल यापेक्षा चांगला शेवट मी फार पुस्तकांत वाचलेला नाही.

आता मुद्द्याचं. हा रीमेक 2020 मध्ये युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे होता. ट्रेलरमधले चेहरे निर्जीव वाटतात, ही टीका काही खोटी नव्हती. पण ती तिथे थांबली नाही. 'पुण्यात काय गेम बनणार बे' हे वाक्य मी मराठीतूनच ऐकलंय, तेही अशा पोरांकडून ज्यांना स्वतःला इंजिनिअर होऊन पुण्यालाच जायचंय! गेम जानेवारी 2021 मध्ये यायचा होता. तो आधी मार्चपर्यंत, मग बेमुदत पुढे ढकलला गेला. मे 2022 मध्ये काम पुण्या-मुंबईकडून काढून मॉन्ट्रियलला दिलं, म्हणजे मूळ गेम जिथे जन्मला तिथेच. आणि तिथे जवळपास चार वर्षं जाऊनही शेवटी हा खेळ खलास. मग दोष पुण्याचा होता का? मला नाही वाटत. आपण तो ट्रेलर 2003 च्या खऱ्या गेमशी लावून बघत नव्हतोच. आपण तो दहा वर्षांचे असताना पाहिलेल्या गेमशी लावत होतो, आणि त्या गेमशी जगातला कुठलाच स्टुडिओ जिंकणार नाही. आमच्या चर्चमध्येही दर नाताळला कुणीतरी म्हणतंच, 'पूर्वीसारखी गव्हाणी आता होत नाही.' पूर्वीचे फोटो काढून बघा एकदा.

जुना गेम जिवंत ठेवायचा तर तो नव्याने रंगवायलाच हवा, हे मला पटत नाही. 1989 च्या प्रिन्सचा मूळ सोर्स कोड हरवलाय असं समजलं जात होतं. 2012 मध्ये मेकनरच्या वडिलांना कपाटात जुन्या डिस्क सापडल्या. त्याने त्यांतला कोड काढून घेतला आणि इंटरनेटवर कोणालाही वाचता येईल असा ठेवून दिला. मला तरी हे खरं पुनरुज्जीवन वाटतं. 2003 चा गेमही स्टीमवर विकत मिळतो, थोडी खटपट केली की साध्या लॅपटॉपवर चालतो.

आणि पुण्याचं म्हणाल, तर ज्या 2020 मध्ये आपण त्या ट्रेलरवर मीम्स टाकत होतो, त्याच वर्षी पुण्यातल्याच नॉडिंग हेड्स या छोट्या टीमने 'राजी : अॅन एन्शन्ट एपिक' आणला. लोकवर्गणीचा प्रयत्न फसल्यावरही त्यांनी तो पूर्ण केला होता. एक मुलगी आपल्या हरवलेल्या भावाला शोधत भिंतींवरून धावते, खांबांवर चढते. प्रिन्सची नक्कल म्हणा हवं तर, पण गोष्ट तिची स्वतःची आहे. आमच्या ग्रुपवर 'पुण्यात काय बनणार' म्हणणाऱ्यांपैकी एकानेही तो खेळलेला नाही. मी लिंक टाकलीये, बघू किती जण डाउनलोड करतात.