राखणदाराला पोसतो कोण?

शेतकरी व कारागीर बंधूंनो, विलायतेतील गोष्ट ऐका. १९३४ च्या कायद्याने तेथील भूमीखालचे तेल राजसत्तेचे, म्हणजे अखेर रयतेचे ठरले. पण २०१६ साली तेल-वायूचे परवाने देण्याचा व करासाठी तेलक्षेत्रे ठरविण्याचा अधिकार मंत्र्याकडून निघून ऑइल अँड गॅस अथॉरिटीकडे गेला. ही शिफारस २०१४ साली करणारे सर इयन वुड हे तेलधंद्यातलेच! शिवाय या प्राधिकरणाचा बहुतेक खर्च परवानेदार कंपन्यांवरील पट्टीतून चालतो. २०२२ त नाव बदलले, पट्टी राहिली. ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी! कुळकर्ण्याचे दप्तर आमच्या वाडवडिलांना कळत नव्हते, म्हणूनच ते नाडले गेले. जाणता माणूस हवाच. पण मंत्र्याला रयत मताने खाली खेचते, या अधिकाऱ्यांना कोण खेचणार? राखणदाराची भाकरी धन्यानेच द्यावी, आणि हिशेबही धन्यानेच मागावा.