प्रवेश मिळाला, आता कॉलेजात थांबा

मोहल्ल्यातल्या एखाद्या मुलीला पदवीला प्रवेश मिळाला की पेढे वाटले जातात, जमातीत सत्कार होतो. चांगलीच गोष्ट आहे. पण दुसऱ्या सत्रात ती वर्गात रुळली का, हे विचारायला कोणी जात नाही. आपली बरीच मुले पहिल्या वर्षी कॉलेजात जातात, पण तिथे थांबत नाहीत. लेक्चर संपले की निघतात. इथेच त्यांचे निम्मे शिक्षण हातातून सुटते.

वरसाव्याचेच बघा. इथे घोडबंदर रस्ता मुंबई-अहमदाबाद महामार्गाला मिळतो. कॉलेजला जायच्या वाटा दोन. एक काशिमिऱ्यावरून मीरा रोड स्टेशन आणि पुढे लोकलने बोरिवली किंवा अंधेरी, दुसरी घोडबंदर रस्त्याने ठाणे. नाक्यावर किंवा खाडीपुलावर ट्रक आणि कंटेनर अडकले की बस कधी येईल याचा भरवसा नाही. त्यामुळे शेवटच्या लेक्चरलाच डोळे घड्याळाकडे लागतात. मुलगी असेल तर घरी अम्मी वाट पाहत असते, मुलगा असेल तर दुकानात किंवा डिलिव्हरीच्या कामावर पोचायचे असते. हॉस्टेलवर गेलेल्या मुलाला घराची आठवण छळते. रोज ये-जा करणाऱ्याची अडचण वेगळी आहे. त्याला कॉलेज नीट भेटतच नाही.

लेक्चरनंतर तिथे काय असते? ग्रंथालय असते. एनएसएस, नाट्य मंडळ, वादविवाद स्पर्धा असतात. मागच्या वर्षीच्या प्रश्नपत्रिका देणारे सीनियर असतात. वर्गात हात वर करायला लाज वाटली तर स्टाफरूममध्ये जाऊन शंका विचारता येतात. मराठी किंवा उर्दू माध्यमातून आलेल्या आणि इंग्रजी पुस्तकांपुढे अडलेल्या मुलाला याचीच सर्वांत जास्त गरज असते. अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी विद्यार्थ्यांना परीक्षेत स्थानिक भाषेत उत्तरे लिहू द्यावीत, असे यूजीसीने एप्रिल २०२३ मध्ये विद्यापीठांना कळवले आहे. आपल्या विषयाला ही सोय आहे का, हे विचारायलासुद्धा कॉलेजच्या ऑफिसात थांबावे लागते.

शिष्यवृत्तीचेही तसेच. महाडीबीटीवर अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी योजना आहेत. आपल्यातल्या अनेक बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी गटांतल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ झाले. पण दाखला जोडायचा राहिला, मुदत टळली, की वर्ष गेले. नोटीस बोर्डासमोर रोज पाच मिनिटे उभा राहणारा विद्यार्थी सहसा यात फसत नाही.

हे आताच का सांगायचे? नव्या शैक्षणिक धोरणात पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येते. नंतर परत येण्याची सोय कागदावर आहे. पण ज्या घरात आणखी एका पगाराची निकड आहे, तिथला मुलगा एकदा कामाला लागला की परत येणे किती कठीण, हे आपण जाणतो. पहिल्या वर्षी कॉलेजशी नाते जुळले नाही, तर हा दरवाजा सर्वांत आधी आपल्याच मुलांना दिसेल. नामांकित महाविद्यालयांत पदवीच्या दर २५ विद्यार्थ्यांत एक आणि पदव्युत्तर वर्गांत दर ५० विद्यार्थ्यांत एकच मुस्लिम असल्याचे सच्चर समितीने २००६ मध्ये नोंदवले होते. हे चित्र बदलायचे तर नुसत्या प्रवेशांची मोजणी पुरणार नाही.

कोणी म्हणेल, तिथे आपल्याला परके वाटते, मग थांबायचे कशाला? ही भावना खोटी नाही. चेंबूरच्या एका महाविद्यालयाच्या ड्रेसकोडविरुद्धची विद्यार्थिनींची याचिका मुंबई उच्च न्यायालयाने २६ जून २०२४ रोजी फेटाळली. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि ९ ऑगस्टला हिजाब, टोपी व बिल्ल्यांवरच्या बंदीला अंतरिम स्थगिती मिळाली. वर्गात बुरख्याला मात्र मुभा मिळाली नाही. निकालाबद्दल आपली मते वेगवेगळी असतील. पण त्या मुलींनी कॉलेज सोडण्याऐवजी दाद मागितली, हे लक्षात घ्यायला हवे. जुम्म्याच्या नमाजमुळे लेक्चर बुडत असेल तर ७५ टक्के हजेरीचा प्रश्न सत्राच्या सुरुवातीलाच प्राध्यापकांशी बोला. अर्ज लिहा, त्याची पोच घ्या.

आणि फक्त आपल्याच ओळखीच्यांच्या बाकावर बसू नका. आपल्याबद्दलचे गैरसमज प्रॅक्टिकलच्या टेबलावर आणि कॅन्टीनमध्ये जितके लवकर मिटतात, तितके भाषणांनी मिटत नाहीत. आपल्या मनातले त्यांच्याबद्दलचे गैरसमजही तिथेच मिटतात.

अम्मी-अब्बांना एकच विनंती. आठवड्यातले दोन दिवस मुलाला, आणि मुलीलाही, कॉलेज सुटल्यावर दोन तास तिथे थांबू द्या. उशिराची बस कोणती आणि सोबत कोण, हे आधी ठरवा. काळजी असेल तर नाक्यावर घ्यायला जा, पण थांबू नको म्हणू नका. मोहल्ल्यातल्या पदवीधरांनीही या वर्षी प्रवेश घेतलेल्यांची यादी करावी, प्रत्येकाने एकेक विद्यार्थी वाटून घ्यावा आणि दिवाळीनंतर दुसरे सत्र सुरू झाले की त्याच्या घरी जाऊन विचारावे, कसे चालले आहे?