नैऋत्येची झोप

जळगाव-धुळ्यात घर बांधायला काढलं की सल्ला देणारे तीन तऱ्हांचे लोक भेटतात. एक म्हणतो, तीस बाय पन्नासचे वाटेल तेवढे प्लॅन मोबाइलवर आहेत, त्यातला एक उचल आणि काम सुरू कर. दुसरा म्हणतो, नकाशा कोणताही घे, पण वास्तुवाल्याला दाखवल्याशिवाय चुन्याची रेघ ओढू नको. तिसरा बहुधा पुण्याहून सुटीला आलेला असतो. त्याला आपलं जुनं, सपाट मातीच्या छपराचं धाब्याचं घरच खरं वाटतं. तिघांच्याही बोलण्यात काही तथ्य आहे. पण मे महिन्यात ४४-४५ अंशांवर जाणारा पारा तिघांच्याही हिशेबात नसतो. ते ऊन घराबाहेर कुठे अडवायचं हे आधी ठरावं. बेडरूम दोन की तीन हे मागाहून ठरलं तरी चालतं, असं माझं म्हणणं आहे.

तयार नकाशाला नाक मुरडणाऱ्यांशी माझं जमत नाही. जुनी घरंसुद्धा ठरावीक साच्यातूनच उभी राहिली. सुतार विचारायचा, किती खणांचं? तेवढ्यावर खांब, तुळया, ओटा, ओसरी सगळं ठरायचं. साचा वाईट नसतो, तो गावाला बसवून घ्यावा लागतो. आज आपण नकाशा उतरवून घेतो, तो कुठल्या शहरासाठी काढला होता ते पाहत नाही, आणि ‘आहे तसाच हवा’ म्हणून हटून बसतो. त्यावर कंत्राटदाराची पुस्ती असते की बदल केला की खर्च वाढतो. हे अर्धंच खरं. आपल्याकडच्या काळ्या मातीत, जी पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते, फुटिंग खाली मुरुमापर्यंत न्यावं लागतं. एकदा कॉलमचे खड्डे खणले, लोखंड बांधलं, की जिना इकडचा तिकडे करणं खरोखर महागात जातं. त्याआधी तोच जिना हलवायला पेन्सिल आणि खोडरबर पुरतं. तेव्हा नकाशात बदल करण्याची भीती बाळगायची तर ती खड्डे खणल्यानंतर बाळगावी.

आता वास्तुशास्त्र. त्याला चार शिव्या देऊन विवेकी म्हणवून घेण्याची सोपी वाट मला नको. आग्नेयेला स्वयंपाकघर ठेवा, हा सल्ला खानदेशात चांगलाच लागू पडतो. उन्हाळा-पावसाळ्यात वारा मुख्यतः पश्चिमेकडून येतो; चूल घराच्या पूर्व टोकाला असली तर मिरचीच्या फोडणीचा ठसका घरात न फिरता बाहेर जातो. इथवर माझी तक्रार नाही. माझं भांडण आहे ते नैऋत्येच्या शयनगृहाशी. घरच्या कर्त्या माणसाने नैऋत्येला झोपावं, हा नियम आज जवळजवळ प्रत्येक नकाशात मास्टर बेडरूम या नावाने येऊन बसला आहे. त्या खोलीचं काय होतं ते पाहा. तिची एक भिंत पश्चिमेला, एक दक्षिणेला. वरच्या मजल्यावर असेल तर डोक्यावर पाच इंची स्लॅब. दुपारी दोनपासून दिवस मावळेपर्यंत पश्चिमेची भिंत ऊन पीत राहते आणि स्लॅबने तर सकाळपासूनच सुरुवात केलेली असते. प्यालेली ही उष्णता विटा-काँक्रीट लगेच सोडत नाहीत. ती रात्री, नेमकी झोपेच्या वेळी, आत उतरते. रात्री अकराला त्या भिंतीला हात लावून पाहावा. घरात सगळ्यात मान ज्याचा, त्याला सगळ्यात तापलेली खोली, असा हा सन्मान आहे.

वास्तूचे कैवारी म्हणतील, शास्त्र पूर्वीचं आहे, पूर्वज वेडे नव्हते. नव्हतेच. पण पूर्वज उन्हाळ्यात खोलीत झोपत कुठे होते? ते अंगणात बाज टाकत, ओट्यावर पडत, नाहीतर शिडी लावून धाब्यावर जात. खोली कपड्यालत्त्याला आणि धान्याला असायची. झोपेची जागा आपण घरात घेतली आणि नियम तसाच ठेवला. शिवाय त्याच वास्तुशास्त्रात तोड आहे: जड वस्तू नैऋत्येला ठेवाव्यात. मग जिना तिथे न्या, धान्याच्या कोठ्या आणि गाद्यांची रास तिथे लावा. जिन्याची बंदिस्त जागा आणि कोठीची खोली मिळून पश्चिमेचं ऊन अंगावर घेतील, आणि शयनगृह पूर्वेला किंवा उत्तरेला सरकेल. वास्तुवाला रागावणार नाही, आणि रागावलाच तर त्याला एक मे महिना नैऋत्येला मुक्कामाला बोलवावं.

‘एसी आहे ना’ हा पक्ष मात्र फार काळ उभा राहत नाही. एसी लावला तरी तो आधी त्या तापलेल्या स्लॅबशीच झुंजतो, आणि बिल मालकाच्या नावावर येतं. आणि खरं सांगायचं तर आपल्याकडे घरोघरी अजून कूलरच चालतो, आणि तो चालतो याचं कारण मेमधली हवा कोरडी असते. कूलरला मागून कोरडी हवा लागते आणि त्याने आत फेकलेली दमट हवा निघून जायला समोर वाट लागते. ती नसेल तर तासाभरात खोली चिकचिकते. नकाशात सोफा काढलेला असतो, टीव्ही असतो, डायनिंगच्या सहा खुर्च्या असतात, कूलर कुठेच नसतो. मग घर झाल्यावर घरातल्या सगळ्यात चांगल्या खिडकीवर लोखंडी घोडी ठोकून तो बसवतात आणि खिडकी कायमची जाते. कूलरची खिडकी आणि हवा निघायची खिडकी, दोन्ही कागदावर आधी काढून घ्याव्यात. तसंच पाण्याच्या टाकीचं. धुळ्यात नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येण्याचे दिवस कुणी विसरलेलं नाही. जमिनीतली टाकी केवढी आणि कुठे, हे जोत्याच्या आधी ठरलं नाही तर पुढे मोटार आणि टँकर यांच्या मर्जीवर राहावं लागतं.

पश्चिम बंद केली तर वारा कुठून येणार, हा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलला पवनचक्क्या उगाच उभ्या राहिल्या नाहीत. पण तोच वारा दुपारी झळा घेऊन येतो आणि दिवेलागणीनंतर अंगाला बरा वाटतो. म्हणून पश्चिमेला भिंतभर काच नको आणि आंधळी भिंतही नको. लहान, उंचावरच्या, झडपांच्या खिडक्या ठेवाव्यात, दुपारी बंद, संध्याकाळी उघड्या, आणि त्यांच्या समोर पूर्वेला हवा निघायला मोठी जागा. एलिव्हेशनच्या हौसेपायी पश्चिमेला दोन मजली काच लावणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. त्यांना पुढे पडदेवाला भेटतो.

आता धाब्याच्या घराचे भक्त. जळगावातला बहिणाबाईंचा चौधरीवाडा पाहून बाहेर पडलेल्या माणसाला असं घर हवंसं वाटलं तर नवल नाही. पण माळवदाची आठवण काढणाऱ्यांनी कधी त्यावर पांढरी माती चढवली आहे का? दर पावसाळ्याआधी ते काम असायचं, तरी झडीच्या पावसात घरात भांडी मांडावी लागत. वाळवी, उंदीर, आतला काळोख, आणि सारवणाची सगळी मेहनत बायकांच्या माथी. सागाचे खांब आज परवडतील कुणाला? ते घर परत येणार नाही, यायलाही नको. त्याच्याकडून दोन गोष्टी मात्र घ्याव्यात. एक म्हणजे छपराची जाडी. फूटभर मातीचं काम आज स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि वर पांढऱ्या तुकड्यांची चायना मोझॅक करते. तेही झेपत नसेल तर निदान दर उन्हाळ्याआधी चुन्याचा हात. २०१०च्या मे महिन्यातल्या लाटेनंतर अहमदाबादने उष्णतेशी सामना करण्याची जी योजना २०१३ला आखली, तिच्यात पुढे गरिबांच्या छपरांना पांढरा रंग देण्याचं कामही आलं. आपल्या बिबड्या-पापडांची वाळवणं या पांढऱ्या गच्चीवरही वाळतील.

दुसरी गोष्ट ओसरी. नव्या नकाशात ती पार्किंगने खाल्ली. घरात कानबाई देवी बसते तेव्हा भाऊबंद जमतात, रोट होतात, रात्र जागते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी येतात. दहा बाय बाराच्या हॉलमध्ये हे मावत नाही, आणि वर्षातल्या या चार दिवसांसाठी वीस फुटी हॉल बांधणं हाही मूर्खपणाच. हॉल मध्यम ठेवून त्याचं रुंद, चार झडपांचं दार ओसरीत उघडलं की दोन्ही मिळून एक जागा होते. एरवी त्या ओसरीची सावली भिंतीवर पडून राहते आणि आजोबा तिथे पेपर वाचतात.

ही ओसरी कोणत्या दिशेला असावी, तिथे माझं शेवटचं भांडण आहे. आपल्याकडे दक्षिणमुखी प्लॉट म्हटला की लोक पाठ फिरवतात. वास्तविक आपण २१ अक्षांशावर आहोत. मेच्या शेवटच्या आठवड्यात दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि जूनभर तो किंचित उत्तरेलाच असतो. म्हणजे उन्हाळ्यात दक्षिणेची भिंत जवळजवळ सुटलेली. मार्च ते सप्टेंबर, दोन फुटी छज्जा भरदुपारी चार फुटी खिडकी पुरती झाकतो. तोच छज्जा पश्चिमेला लावा, मेमध्ये संध्याकाळी पाचला सूर्य पंचवीसेक अंशांवर असताना तो जेमतेम फूटभर सावली देतो. उलट डिसेंबरात, जेव्हा धुळ्याचा पारा सहा-सात अंशांवर उतरतो, तेव्हा दुपारचा सूर्य दक्षिणेला ४५ अंशांवर असतो आणि त्याच खिडकीतून ऊन आत येतं. थंडीत ऊन आणि उन्हाळ्यात सावली देणारी दुसरी दिशा आपल्याकडे नाही. ओसरी तिथेच हवी.

प्लॉटच्या बाजूचंही पाहा. जुन्या धुळ्याच्या क्रमांकाच्या गल्ल्यांत घरं भिंतीला भिंत लावून उभी होती, एकमेकांचं ऊन अडवत. आता मार्जिन सोडावं लागतं, तरी दोन्ही बाजूंना आज ना उद्या शेजार उभा राहतो आणि तळमजल्याची पश्चिम झाकली जाते. शेजारचा प्लॉट रिकामा असेल तोवर कडुनिंब लावावा. कायम उघडी राहते ती रस्त्याकडची बाजू. ती पश्चिमेला असण्यापेक्षा दक्षिणेला असलेली कधीही बरी. गिऱ्हाईक नसल्याने असा प्लॉट दोन पैसे कमी भावात सुटतो. त्या पैशांत गच्चीवरचा कोबा आणि चायना मोझॅक निघायला हरकत नाही.