गाणं वाजतंय, गायिका कुठंय?

पार्टी फ्लॅटवरची असो की ऑफिसची, एक सीन ठरलेला असतो. कुणीतरी भाड्याने दोन तगडे स्पीकर आणतं, कुणीतरी प्लेलिस्ट बनवतं, आणि लॅपटॉप ते स्पीकर या दोन मीटरच्या वायरचा विचार कुणीच करत नाही. वायर म्हणजे वायर, हा आपला फंडा. भोकात बसली की झालं!

घोळ इथेच होतो, बॉस.

मागच्या डिसेंबरमध्ये एका मैत्रिणीच्या संगीतमध्ये हेच झालं. गिटार खणखणीत, टाळ्या खणखणीत, पण गायिका मात्र विहिरीतून गातेय! गाणं बदललं, व्हॉल्यूम फुल्ल केला, बाई काही वर येईनात. साउंडवाल्या दादाने शांतपणे फक्त वायर बदलली आणि बाई हजर. मग मी दादाला कटिंग पाजून पूर्ण क्लास लावून घेतला. त्याच्याच नोट्स शेअर करतेय.

घरगुती वस्तूंची वायर 'अनबॅलन्स्ड' असते. आत एक तार आणि तिच्याभोवती जाळी. आवाज तारेतून जातो, जाळीतून परततो. दोन-तीन मीटरपर्यंत ठीक. त्यापुढे ती आजूबाजूची सगळी घरघर गोळा करते.

स्टेजवरची वायर 'बॅलन्स्ड'. आत दोन तारा, वर जाळी. दोन्ही तारांत तोच आवाज, पण एकीत उलटा. म्हणजे काय? डबलसीट जाताना खड्डा आला की पुढचा आणि मागचा सारखेच उडतात, दोघांमधलं अंतर तेवढंच राहतं. स्पीकर फक्त ते अंतर मोजतो. वाटेतली घरघर दोन्ही तारांना सारखीच चिकटते, म्हणजे तो खड्डा. वजाबाकीत ती उडून जाते. सॉलिड आयडिया!

आता गायिकेचं रहस्य. लॅपटॉपच्या हेडफोन पिनला तीन भाग असतात, बॅलन्स्ड पिनलाही तीनच. दिसायला जुळ्या बहिणी! पण हेडफोनमध्ये ते असतात डावा, उजवा आणि जाळी. ही पिन थेट बॅलन्स्ड सॉकेटला दिली की स्पीकर डाव्यातून उजवा वजा करतो. मुख्य गाणाऱ्याचा आवाज बहुतेक गाण्यांत दोन्हीकडे सारखाच असतो. स्पीकरला वाटतं, हा खड्डाच! बाई कट.

उपाय सोपा आहे. एका टोकाला हेडफोनची स्टिरिओ पिन आणि दुसऱ्या टोकाला दोन वेगळ्या मोनो पिना असलेली वायर घ्या. डावी एका स्पीकरला, उजवी दुसऱ्याला. स्पीकर एकच असेल तर लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये 'मोनो ऑडिओ' ऑन करा आणि एकच पिन लावा.

वायर बनवून घ्यायची असेल तर पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड. समजा, एका टोकाला टीव्हीच्या मागे असते तशी आरसीए पिन आणि दुसऱ्या टोकाला स्टेजवरची तीन काड्यांची एक्सएलआर हवी आहे. दोन तारा आणि जाळीवाली वायर मागा. लाल तार आरसीएच्या मधल्या काडीपासून एक्सएलआरच्या २ नंबरला. काळी तार आरसीएच्या बाहेरच्या कड्यापासून ३ नंबरला. जाळी त्याच कड्यापासून १ नंबरला. बास! उलट्या दिशेने, म्हणजे स्टेजच्या मशीनमधून घरच्या मशीनमध्ये आवाज न्यायचा असेल, तर ३ नंबरचं काय करायचं हे मशीनगणिक बदलतं. तेव्हा आधी मॅन्युअल बघा.

आवाज थोडा कमी वाटला तर टेन्शन नको. घरगुती मशीनची ठरलेली लेव्हल साधारण ०.३२ व्होल्ट, स्टुडिओवाल्यांची १.२३ व्होल्ट. जवळजवळ चौपट फरक. गेन थोडा वाढवा. आणि मिक्सरच्या माइक सॉकेटमध्ये लॅपटॉप लावण्याआधी '४८ व्होल्ट' लिहिलेलं बटण बंद आहे ना, ते बघा. ते कंडेन्सर माइकसाठी असतं, तुमच्या लॅपटॉपसाठी नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सगळं बरोबर लावूनही कधी कधी 'हंऽऽऽ' अशी घरघर येते. लॅपटॉपचा चार्जर एका भिंतीवर, स्पीकर दुसऱ्या भिंतीवर, आणि दोघांच्या अर्थिंगचं कडं ऑडिओ वायरमधून पूर्ण होतं. चार्जर काढून बघा. घरघर थांबली तर चोर सापडला. दोन्ही प्लग एकाच बोर्डवर घ्या, नाहीतर मध्ये ऑडिओ आयसोलेटर लावा. आत छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, तो कडं तोडतो.

पण कुणी 'शॉर्टकट' म्हणून प्लगची तिसरी, जाडी पिन काढायला निघाला तर त्याचा हात धरा. घरघर थांबेलही, पण ती पिन आवाजासाठी नसतेच. मशीनच्या आत करंट लीक होऊन धातूच्या बॉडीवर आला, तर त्याला जमिनीकडे वाट देऊन फ्यूज उडवायला ती असते. पिन नसेल तर तोच करंट माइक किंवा गिटार धरलेल्या माणसातून जाऊ शकतो. तो माणूस म्हणजे तुमचाच मित्र, जो नेमकं त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्यांसमोर गाणार असतो.

तेव्हा पुढच्या पार्टीची यादी करताना कोल्ड्रिंक, चिप्स, बर्फ यांच्या वर एक ओळ लिहा : बरोबर वायर. आणि तिसरी पिन शाबूत!