संघ कसा जोखावा?

फुटबॉलची मोठी स्पर्धा तोंडावर आली, की आपल्याकडे जाणकारांचे पीक येते. कोणता संघ कोठवर मजल मारील, कोणाचा प्रशिक्षक किती मुरलेला, कोणाची आघाडीची फळी धारदार, याचे हिशेब चहाच्या टपरीपासून प्राध्यापकांच्या खोलीपर्यंत मांडले जातात. यात वाईट काही नाही. सामन्यापूर्वीची ही चर्चा म्हणजे खेळाचा अर्धा आनंद. माझी तक्रार आहे ती हिशेबाच्या रीतीविषयी. आपण संघ जोखत नाही, नावे जोखतो. आणि ही खोड नुसती गमतीची राहत नाही. तिच्यापायी आपण आपल्याच राष्ट्रीय संघाकडून भलत्या अपेक्षा धरतो, त्या फसल्या की एका माणसाच्या डोक्यावर खापर फोडतो, आणि खरे दुखणे जेथल्या तेथे राहते.

मी या महाविद्यालयाचा जुना विद्यार्थी. पोटापाण्यासाठी सध्या सुरतेत आहे. रिंग रोडवरच्या कापड बाजारात एका पेढीचे हिशेब पाहतो. सुरत काही फुटबॉलचे गाव नव्हे. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात, पण त्यांच्या पोरांच्या हाती दिसते ती बॅट. कोल्हापुरात पेठापेठांतून जो फुटबॉल नांदतो तो येथे शोधावा लागतो. तरी बाजारात तऱ्हेतऱ्हेची माणसे आहेत. गंजम जिल्ह्यातून आलेले ओडिया यंत्रमाग कामगार आहेत, धुळे-नंदुरबारकडचे आहेत, माझ्यासारखे सीमाभागातले दोन-चार आहेत. जेवणाच्या सुट्टीत चर्चेला तोटा नसतो.

उदाहरणासाठी मी २०२३ चा आशिया चषक घेतो. नावात २०२३ असले तरी ही स्पर्धा भरली २०२४ च्या जानेवारीत, कतारमध्ये. भारताच्या गटात ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान आणि सिरिया. बाजारातल्या आमच्या मंडळींनी चारही प्रशिक्षक एका रांगेत उभे केले. सिरियाचे हेक्टर कूपर. यांनी स्पेनच्या व्हॅलेन्सिया क्लबला २००० आणि २००१ अशी सलग दोन वर्षे चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात नेले होते. उझबेकिस्तानचे स्रेच्को कातानेत्स. चिमुकल्या स्लोव्हेनियाला २००२ च्या विश्वचषकापर्यंत पोचवणारे. ऑस्ट्रेलियाचे ग्रॅहम आर्नल्ड २०१८ पासून त्याच जागी बसलेले. आणि आपले इगोर स्टिमॅक, १९९८ च्या विश्वचषकात तिसऱ्या आलेल्या क्रोएशियाचे बचावपटू, पुढे त्याच देशाचे प्रशिक्षक. "आपला माणूस कोणापेक्षा कमी आहे?" असा प्रश्न येई, आणि नावापुरते पाहिले तर तो बिनतोडही होता.

त्यात २०२३ हे साल भरभराटीचे गेलेले. मार्चमध्ये इंफाळला तिरंगी स्पर्धा जिंकली, जूनमध्ये भुवनेश्वरला लेबनॉनला २-० असे हरवून इंटरकॉन्टिनेन्टल चषक घेतला, जुलैत बंगळूरच्या कंठीरव मैदानावर कुवेतला पेनल्टी किकवर नमवून सॅफ स्पर्धा जिंकली. नोव्हेंबरात कुवेतला त्यांच्या घरी १-० ने हरवले. जागतिक क्रमवारीत आपण १०२ वे, सिरिया ९१ वा. अंतर ते किती! ऑस्ट्रेलियाशी हरू, उझबेकिस्तानला रोखू, सिरियाला पाडू, असा सरळ त्रैराशिकाचा हिशेब मांडला गेला.

निकाल असे लागले: ऑस्ट्रेलियाविरुद्ध ०-२, उझबेकिस्तानविरुद्ध ०-३, सिरियाविरुद्ध ०-१. तीन सामन्यांत एकही गोल नाही.

मग नेहमीप्रमाणे प्रशिक्षक वाईट ठरले. स्टिमॅक यांच्या चुका नव्हत्या असे मी म्हणत नाही. पण जोखणाऱ्यांनी आधी काय पाहायला हवे होते, एवढाच माझा मुद्दा आहे. वर सांगितलेल्या तिन्ही स्पर्धा भारतात झाल्या होत्या. आपली साखळी स्पर्धा डिसेंबर अखेरपर्यंत चालू होती. संघ दोहाला पोचला ३० डिसेंबरला आणि पहिला सामना होता १३ जानेवारीला. दोन आठवडे. अन्वर अली, जीकसन सिंग, आशिक कुरुनियन हे तिघे दुखापतीने बाहेर. आणि गोल करायचे तर अजूनही ३९ वर्षांच्या सुनील छेत्रीकडेच डोळे लागलेले. यातली एकही गोष्ट गुप्त नव्हती. रोजच्या वर्तमानपत्रात होती. पण प्रशिक्षकाच्या जुन्या पदकाइतकी ती रंगतदार नव्हती.

गंमत ही की हीच मंडळी आपल्या धंद्यात असे करत नाहीत. आमच्या बाजारात ताका घेताना कोणी वरच्या पट्टीवरचे सोनेरी नाव वाचून सौदा करीत नाही. ताका उलगडतात, कापड उजेडात धरतात, वीण कोठे विरळ आहे ते बघतात, पन्ना मोजतात. कोल्हापुरातही तेच. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार किंवा खंडोबा यांचा सामना असला, की गॅलरीतला साधा प्रेक्षक सांगतो, याचा डावा पाय चालत नाही, हा पावसात घसरतो, या दोघांचे पटत नाही. त्याने ती पोरे लहानपणापासून पाहिलेली असतात. पण तोच प्रेक्षक विश्वचषकाच्या वेळी गल्लीत ब्राझीलचा नाही तर अर्जेंटिनाचा झेंडा लावतो आणि फक्त पोस्टरवरच्या चेहऱ्यावरून भांडतो! जवळचे जोखण्याची अक्कल आपल्याजवळ भरपूर आहे. दूरचे जोखताना आपण ती घरी ठेवून जातो.

आता ताजिकिस्तानची गोष्ट ऐका. मला ती फार बोलकी वाटते. २०१९ च्या जुलैत अहमदाबादला कांकरियाजवळच्या मैदानात इंटरकॉन्टिनेन्टल चषकाचे सामने झाले. सुरतेहून गाडीने चार तासांचा रस्ता, म्हणून मीही गेलो होतो. पहिलाच सामना भारत विरुद्ध ताजिकिस्तान. मध्यंतराला आपण २-० ने पुढे. दोन्ही गोल छेत्रीचे. आजूबाजूला सारे खुशीत. दुसऱ्या डावात त्या पोरांनी चार गोल केले. ४-२. मला आठवते ते गोलांपेक्षाही त्यांचे धावणे. चेंडू हरवला की तिघे-चौघे एकदम मागे वळत. कोणी कोणाला हाक मारीत नव्हते. आमच्या मागच्या बाकावरील एक गृहस्थ म्हणाले, "ह्यांचे नाव तरी कोणी ऐकले होते का?"

नाव ऐकले नव्हते हे खरे. पण २०१८ साली मलेशियात १६ वर्षांखालील मुलांची आशियाई स्पर्धा झाली, तिच्या अंतिम सामन्यात ताजिकिस्तान जपानशी ०-१ असा हरला होता. त्याच स्पर्धेत आपली मुलेही चांगली खेळली. गोव्याच्या बिबियानो फर्नांडिस यांच्या हाताखाली उपांत्यपूर्व फेरीत पोचून दक्षिण कोरियाशी अवघ्या एका गोलाने हरली. म्हणजे त्या वयात दोन देशांत फार अंतर नव्हते. पुढे कतारमध्ये, २०२४ साली, ताजिकिस्तान आशिया चषकात प्रथमच उतरला. लेबनॉनला हरवले, मग संयुक्त अरब अमिरातीला पेनल्टीवर हरवले आणि उपांत्यपूर्व फेरीत जॉर्डनशी हरला तोही ०-१, स्वतःच्याच खेळाडूकडून झालेल्या गोलामुळे. स्पर्धेपूर्वीच्या क्रमवारीत हा संघ आपल्या खाली होता. क्रमवारी पाहून त्याला कोणी हिशेबात धरले नसते.

त्याच स्पर्धेने नावांची आणखी एक फजिती केली. दक्षिण कोरियाचे प्रशिक्षक होते युर्गेन क्लिन्समन. १९९० चा विश्वचषक जिंकलेल्या जर्मन संघातले, २००६ मध्ये प्रशिक्षक म्हणून जर्मनीला तिसरे स्थान मिळवून देणारे. संघात सोन ह्युंग-मिनसारखा मोहरा. उपांत्य सामन्यात जॉर्डनने त्यांना २-० असे हरवले आणि कोरियाचा एकही फटका गोलजाळ्याच्या रोखाने गेला नाही. दहा दिवसांत क्लिन्समन घरी. जॉर्डनचे प्रशिक्षक हुसेन अमूता मोरोक्कोचे. आमच्या बाजारात त्यांचे नाव स्पर्धेपूर्वी कोणी घेतल्याचे मला स्मरत नाही.

आणि जिंकले कोण? कतार. त्यांचे प्रशिक्षक मार्केस लोपेस यांची नेमणूक झाली ती स्पर्धेच्या जेमतेम महिनाभर आधी, डिसेंबरात. प्रशिक्षकावरून संघ जोखणाऱ्याने या संघाला खालीच बसवले असते. पण कतारचे अक्रम अफीफ, अलमोएझ अली हे खेळाडू आस्पायर प्रबोधिनीत एकत्र वाढलेले. २०१९ चा आशिया चषकही याच पिढीने जिंकलेला. प्रशिक्षक बदलला तरी एकमेकांच्या पायांची ओळख बदलत नाही. अंतिम सामन्यात जॉर्डनला ३-१ असे हरवले. तिन्ही गोल अफीफचे, तिन्ही पेनल्टीवर.

येथे चाणाक्ष वाचक मला अडवील. तो म्हणेल, एकत्र राहण्यानेच सारे होत असेल तर २०११ चे काय? त्या वर्षीच्या आशिया चषकासाठी बॉब हॉटन यांनी भारतीय खेळाडूंना साखळी स्पर्धेतून सोडवून घेऊन महिनोन् महिने शिबिरात ठेवले होते. तरी ऑस्ट्रेलियाने ४-०, बहारीनने ५-२, दक्षिण कोरियाने ४-१ असे हरवले. कतारचेही तसेच, २०२२ च्या विश्वचषकापूर्वी त्यांनी लांबलचक शिबिर घेतले आणि घरच्या मैदानावर तिन्ही सामने गमावले. आक्षेप खरा आहे आणि मी तो उडवून लावणार नाही. समोर सेनेगल आणि हॉलंड उभे असले तर एकोप्याने सारे भागत नाही. शिबिर म्हणजे परीक्षेपूर्वीचे जागरण. वर्षभर पुस्तक उघडलेच नसेल तर जागरण कितीही लांबवा. म्हणून मी शिबिराचे दिवस मोजतो, पण त्याआधी हेही विचारतो, की ही मुले वर्षातून किती महिने चुरशीचे सामने खेळतात, आणि अठराव्या वर्षानंतर त्यांचे काय होते. २०१८ च्या आपल्या त्या सोळा वर्षांच्या मुलांपैकी किती जण पुढे राष्ट्रीय संघात नियमित दिसले, याचा शोध कोणा विद्यार्थ्याने घेतला तर या नियतकालिकाला एक बरा लेख मिळेल.

आपल्याकडे या प्रश्नांऐवजी माणसे बदलली गेली. २०१९ च्या आशिया चषकात थायलंडला ४-१ असे हरवले तेव्हा स्टीफन कॉन्स्टंटाइन देव. आठवड्याभरात बहारीनशी हरलो, त्यांनी राजीनामा दिला. (त्याच ४-१ पायी थायलंडने मिलोवान रायेवात्स यांना काढले, २०१० साली घानाला विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत नेणारे हेच गृहस्थ.) २०२४ च्या मार्चमध्ये गुवाहाटीला अफगाणिस्तानशी, जूनमध्ये दोह्याला कतारशी हरल्यावर स्टिमॅक गेले. मग मानोलो मार्केस आले. ते पहिला हंगाम एफसी गोवाचे काम सांभाळून राष्ट्रीय संघ पाहत होते! देशाचा संघ हा जोडधंदा कसा होऊ शकतो, हे मला आजवर कळलेले नाही. २०२५ च्या जुलैत तेही गेले.

ऑगस्टमध्ये खालिद जमील यांची नेमणूक झाली. मुंबईच्या मैदानांवर घडलेला, २०१७ मध्ये आयझॉलसारख्या छोट्या क्लबला आय-लीग जिंकून देणारा हा माणूस. मला या निवडीने आनंदच झाला. पहिल्याच स्पर्धेसाठी खेळाडू जमवताना एका मोठ्या क्लबाने आपली मुले सोडली नाहीत. तरी त्यांनी ताजिकिस्तानला त्यांच्याच घरी २-१ ने हरवले आणि ओमानला पेनल्टीवर नमवून तिसरे स्थान घेतले. बाजारात पुन्हा पेढे. ऑक्टोबरात सिंगापूरशी दोन सामने होते आणि ते जिंकणार यावर दुमत नव्हते. सिंगापूरचे प्रशिक्षक गॅव्हिन ली, पस्तीस वर्षांचे, तेही हंगामी नेमलेले. "पोरगा आहे," म्हणून सोडून दिले गेले.

पण त्या वेळी आपल्या खेळाडूंची अवस्था काय होती? इंडियन सुपर लीगचा हंगाम जुलैतच तहकूब झालेला; सप्टेंबर सरला तरी सुरू होण्याची तारीख नाही. चुरशीच्या सामन्यांचा सराव नसलेले पाय घेऊन हा संघ उतरला. सिंगापूरला १-१, आणि १४ ऑक्टोबरला मडगावच्या फातोर्डा मैदानावर छांगटेच्या गोलाने पुढे जाऊनही १-२ असा पराभव. २०२७ च्या आशिया चषकाचे दार तेथेच बंद झाले. नोव्हेंबरात त्याच हंगामी प्रशिक्षकाने हाँगकाँगला हरवून सिंगापूरला पात्र ठरवले. यजमानपद नसताना सिंगापूरला हे प्रथमच साधले.

फातोर्ड्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या बाजारात जेवणाच्या सुट्टीत बोलणे निघाले, ते पुढचा प्रशिक्षक परदेशातून कोण आणावा याचे. साखळी स्पर्धा कधी सुरू होणार, हे कोणी विचारले नाही.